थंड प्लग, गरम डोकं

भाचेबुवा, गाडी आली, पेढेही पोचले. केमन एस, सीटच्या मागे पोटात दडवलेलं 3.4 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, 295 अश्वशक्ती. सेकंडहँड घेतलीस, पण माल चांगला घेतलास. तुझ्या आईची समजूत मी काढतो. आता प्लगचं बोलू. तुझा तो मित्र म्हणाला ना, रेसिंगचे, दोन नंबर थंड प्लग टाक, गाडी मोकळी होईल? मित्र राहू दे, प्लग घेऊ नकोस. का घेऊ नकोस तेही ऐकून ठेव, कारण असाच दुसरा कुणीतरी तुला पुढच्या महिन्यात भेटणार आहे.

प्लग ताकद देत नाही, हे आधी डोक्यात बसव. सिलिंडरमध्ये जेवढी हवा आणि जेवढं पेट्रोल गेलं, तेवढीच ताकद तिथे आहे. प्लगनं ती वेळेवर पेटवायची, दर वेळी पेटवायची आणि त्या आगीत स्वतः टिकून राहायचं. इंजिन सहा हजार आरपीएमवर फिरत असताना एकेका प्लगला सेकंदाला पन्नास ठिणग्या टाकाव्या लागतात. नवे प्लग घातल्यावर गाडी सुधारल्यासारखी वाटते, ती जुने झिजलेले होते म्हणून. खोक्यावर 'जादा पॉवर' छापलेलं असलं, तर ती जादा पॉवर दुकानदाराच्या गल्ल्यात जाते.

आता थंड-गरम म्हणजे काय ते बघ. प्लगच्या आतलं पांढरं नाक, म्हणजे तो सिरॅमिकचा सुळका, चालत्या इंजिनात साधारण 450 ते 850 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहायला हवा. त्याच्या खाली राहिला, तर त्यावर बसलेलं काजळ जळून जात नाही. काजळातून वीज वाहते. मग ठिणगी गॅपमध्ये पडायच्या ऐवजी विजेला नाकावरून खाली धातूत उतरायची वाट मिळते आणि गाडी मिस मारायला लागते. उलट टोक फारच तापलं, तर त्याचा निखारा होतो. तो ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवतो, पिस्टन अजून वर येत असताना. पहिल्या दुखण्यात गाडी कुरकुरते, दुसऱ्यात पिस्टनला भोक पडतं. लोक भिऊन थंड प्लगकडे वळतात ते या दुसऱ्या दुखण्यामुळे, आणि ती भीती काही खोटी नाही.

पण थंड प्लगची ठिणगी थंड नसते, की जोरदारही नसते. फरक फक्त त्या नाकाच्या लांबीचा. लांब दांडीचा झारा कढईत ठेवला तर टोक तापत राहतं आणि धग हातापर्यंत उशिरा येते. आखूड दांडीचा लगेच चटका देतो. गरम प्लगचं नाक लांब, म्हणून त्यातली उष्णता धातूच्या कवचापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि टोक तापलेलं राहतं. थंड प्लगचं नाक आखूड, उष्णता झटकन निघून जाते. ती जाते मुख्यतः आट्यांतून आणि बैठकीच्या वॉशरमधून इंजिनाच्या हेडमध्ये. म्हणजे नंबर अगदी बरोबर निवडलास आणि प्लग ढिला बसवलास, तर तो बरोबर नंबरचा प्लगसुद्धा जास्त तापणार. कसण्याची गोष्ट मी पुढे इतकी का ताणणार आहे, ते आत्ताच कळलं असेल.

तुझ्या मित्राचा सल्ला ज्या गाडीसाठी खरा आहे, ती गाडी दिवसभर रेस ट्रॅकवर फुल थ्रॉटलला पळते. तुझी गाडी कुठे पळणार? सकाळी पेडर रोड, संध्याकाळी वरळी, आठवड्यातून एकदा पहाटे लोणावळा. एक्सप्रेसवेवरही मोटारींना ताशी 100 ची मर्यादा आहे, आणि ती या गाडीला जांभई देत गाठता येते. उरलेला सगळा वेळ इंजिन सिग्नलला आयडलवर उभं. तिथे प्लगचं टोक मुळातच कमी तापतं. त्यात दोन नंबर थंड प्लग घातलास तर दादरच्या पुलापर्यंत तो काजळ धरेल, आणि पहाटे घाटात ज्या क्षणी ॲक्सिलरेटर दाबशील त्याच क्षणी मिस मारेल. प्लग गाडीच्या नावाला बघून घ्यायचा नसतो. गाडी रोज ज्या रस्त्यावर चालते त्या रस्त्याला बघून घ्यायचा असतो. माझं सगळं शास्त्र एवढ्यातच येतं.

मग थंड प्लग कुणी घालायचा? ज्यानं इंजिनात खरोखर उष्णता वाढवली आहे त्यानं. टर्बोचा बूस्ट वाढवला, रीमॅप केला, कॉम्प्रेशन वाढवलं, तर सिलिंडरमधला दाब आणि ताप दोन्ही चढतात. एनजीकेवाल्यांचाच ठोकताळा असा आहे की मूळच्या ताकदीत 75 ते 100 अश्वशक्तीची भर पडली, तर एक पायरी थंड. एका पायरीनं टोकाचं तापमान 70 ते 100 अंशांनी उतरतं. आता हिशोब तूच कर. तू एअर फिल्टर बदललास आणि आवाजासाठी सायलेन्सर बदललास. तेवढ्यानं 75 अश्वशक्ती येत असती, तर पोर्शचे इंजिनिअर घरी बसले असते. तुझ्या गाडीला एक पायरीही नको, दोन तर सोडच.

इंजिन ठोकत असेल, म्हणजे चढावर कमी फेऱ्यांत टकटक ऐकू येत असेल, तर आधी पेट्रोल बघ, प्लग नंतर. तुझ्या गाडीच्या पुस्तकात 98 ऑक्टेन लिहिलेलं आहे. त्याहून कमी घातलं तर कॉम्प्युटर टाइमिंग मागे घेऊन इंजिन वाचवतो, पण इंजिनाची पूर्ण ताकद तुझ्या हाती येत नाही. 100 ऑक्टेनचं एक्सपी100 इंडियन ऑइलनं 2020 च्या डिसेंबरात आणलं, मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर मिळतं. महाग आहे. पण ज्यानं ही गाडी घेतली त्यानं पंपावर कुरकुर करू नये.

नंबर वाचायला शीक, कारण इथेच भलेभले फसतात. आमच्या वेळी एवढं डोकं चालवावं लागत नव्हतं. पद्मिनी असो की ॲम्बॅसिडर, दुकानात जाऊन मायकोचा प्लग मागायचा. मायको म्हणजे बंगळूरची, 1951 सालची, बॉशची भारतातली कंपनी. आता काउंटरवर चार देशांचे प्लग मांडलेले असतात आणि प्रत्येकाची बाराखडी वेगळी. जपान्यांची रीत अशी की आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. एनजीके तशीच, डेन्सोही तशीच. जर्मनांची बरोबर उलटी: बॉश आणि बेरूमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग गरम. अमेरिकन चॅम्पियनही जर्मनांच्या बाजूला. जपान्यांचे आपसातले आकडेही जुळत नाहीत, डेन्सोचा 22 म्हणजे एनजीकेचा 7. एखादा हुशार माणूस बॉशचा 5 काढून 'आकडा जुळतोय' म्हणून एनजीकेचा 5 घालतो, आणि त्याला कळतही नाही की आपण बराच गरम प्लग घातलाय. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा असेल तर त्या कंपनीच्या तक्त्यात तुझ्या गाडीचं मॉडेल आणि इंजिनाचा कोड बघून घे. आकड्याची भाषांतरं काउंटरवर तोंडी करून घेऊ नकोस.

बाकीची अक्षरंही फुकट छापलेली नसतात. एनजीकेचा बीकेआर7ईआयएक्स घे उदाहरणाला. टर्बो गाड्यांवर हात चालवणाऱ्या पोरांच्या तोंडी हाच असतो. त्यातला बी म्हणजे 14 मिलिमीटरचे आटे, के म्हणजे 16 चा पाना लागणार, आर म्हणजे आत रेझिस्टर, 7 ही उष्णतेची पायरी, ई म्हणजे आट्यांची लांबी 19 मिलिमीटर आणि आयएक्स म्हणजे इरिडियमचं टोक. या आर कडे दुर्लक्ष करू नकोस. रेझिस्टर नसलेला रेसिंग प्लग घातला तर ठिणगीतून उठणारा रेडिओचा गोंगाट आजकालच्या सेन्सरांना आणि कॉम्प्युटरला भंडावून सोडतो. आणि लांबी चुकली तर विषयच संपला. लांब प्लग पिस्टनला जाऊन भेटतो. आखूड घातला तर हेडचे आतले आटे उघडे राहून त्यात कार्बन भरतो, आणि पुढच्या वेळी योग्य प्लग आत जात नाही.

धातूबद्दल थोडक्यात सांगतो. ज्याला बाजारात तांब्याचा प्लग म्हणतात त्याचं टोक तांब्याचं नसतं, निकेलच्या मिश्रधातूचं असतं; तांबं आत गाभ्यात, उष्णता वाहून न्यायला. हा स्वस्त, थोडे दिवस टिकणारा, आणि वाईट अजिबात नाही. वाढीव बूस्टवर गाडी चालवणारे कित्येक जण मुद्दाम हेच घालतात आणि लवकर लवकर बदलतात. प्लॅटिनम 1768 अंशांना वितळतं, इरिडियम 2446 ला, म्हणून त्यांचं टोक अगदी बारीक करता येतं. साध्या प्लगचं मधलं टोक अडीच मिलिमीटर जाड, इरिडियमचं 0.6 किंवा त्याहून बारीक. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, कॉइलवरचा ताण कमी होतो. एवढाच फायदा, पण खरा फायदा. फक्त इरिडियमचे सगळेच लाख किलोमीटर चालतात असं समजू नकोस. ज्याच्या मधल्या टोकाला इरिडियम आणि समोरच्या टोकाला साधं निकेल, तो त्या निकेलइतकाच जगतो.

चार टोकांच्या प्लगचं मात्र तुला नीट सांगितलं पाहिजे, कारण तुझ्या इंजिनाच्या घराण्याला ते कारखान्यातूनच येतात. मधल्या टोकाभोवती चार पाय. ते बघून लोकांना वाटतं की चार ठिणग्या पडतात. एका वेळी एकच पडते, ज्या पायाकडे वाट सोपी असेल तिथे. झीज चौघांत वाटली जाते म्हणून प्लग जास्त टिकतो, एवढंच. त्याची गॅप कारखान्यात ठरलेली असते. तू त्या पायांना हात लावायचा नाही. एका पायाच्या साध्या प्लगची गॅप जरूर मोजायची. टर्बोवाल्यांनी बूस्ट वाढवला की ती 0.7 च्या आसपास आणावी लागते, कारण दाबाखालच्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझल्यासारखी होते. इरिडियमची गॅप कमी करायची असेल तर फक्त समोरचा पाय वाकवायचा, मधल्या टोकाला काहीही टेकवायचं नाही. ते नाण्यासारखं गोल गेज मध्ये घुसवून फिरवतात ना, त्यानं केसाइतकं ते टोक मोडतं. आणि पद्मिनीचे प्लग आम्ही पॉलिश पेपरनं घासून परत लावायचो, ते इथे चालणार नाही. इरिडियमला तारेचा ब्रश लावलेला मला दिसला तर पाना हिसकावून घेईन.

मझदाची आरएक्स-7 घेणारा तुझा कुणी मित्र निघाला तर त्याला एक वेगळी चिठ्ठी दे. त्या रोटरी इंजिनात एका रोटरला दोन प्लग, पुढचा आणि मागचा, आणि दोघांचे नंबर वेगळे: पुढे 7, मागे 9. अदलाबदल केली की गेलं. पोर्शच्याच 1989 सालच्या 964 मध्ये सहा सिलिंडरांना बारा प्लग आहेत. तुझे सहाच आहेत, नशीबवान आहेस.

खरेदी करताना बिलाशिवाय घेऊ नकोस, आणि अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणून तर मुळीच नाही. नकली प्लगांचा धंदा जगभर चालतो आणि खोकी इतकी हुबेहूब छापतात की खोक्यावरून काहीच कळत नाही. प्लग हातात घे. अस्सल प्लगचा वॉशर आट्यांवरून सहजासहजी निघून हातात येत नाही. आटे गुळगुळीत, एकसारखे. मधलं टोक बरोबर मध्यात, आणि बारीक टोक जिथे जोडलंय तिथला सांधा साफ. दुकानदारानं प्लग हातातून फरशीवर पाडला तर हसून 'दुसरा द्या' म्हण. सिरॅमिकला गेलेली केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. ती आयडलला गप्प बसते आणि पूर्ण लोडवर बोलायला लागते. मग तू कॉइल बदलतोस, सेन्सर बदलतोस, आणि दोष त्या चिरेत असतो.

सहाच्या सहा एकदम बदलायचे. तीन आता, तीन पगार झाल्यावर, असं नाही. किलोमीटर झाले नसले तरी चार वर्षांनी काढायचेच, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वर्षानुवर्षं बसलेला प्लग निघताना आटे घेऊन निघतो, आणि नवे आटे बसवायच्या हेलिकॉइलचा खर्च प्लगांच्या कितीतरी पट असतो. शनिवारी फिरायला निघणाऱ्या गाड्यांचे प्लग याच कारणानं अडकतात. चालवणारा म्हणतो, गाडी पळालीच कुठे!

बसवण्याचं काम तुला स्वतः करायचंय, हे मला आवडलं. केमनचे प्लग वरून हाताला लागत नाहीत. गाडी उचलायची, मागची चाकं काढायची आणि बाजूनं, खालून शिरायचं. नुसत्या जॅकवर कधीही खाली जायचं नाही, स्टँड लावायचे. इंजिन पूर्ण थंड होऊ दे. आदल्या रात्री उभी केलेली गाडी सकाळी उघड. गरम ॲल्युमिनियममधून प्लग ओढलास तर आटे सोलून निघतात. कॉइल काढल्यावर भोकात हवेचा जोरदार फवारा मार, मगच प्लग ढिला कर. नाहीतर तिथली वाळू सरळ सिलिंडरमध्ये जाते. नवा प्लग पहिल्यांदा हातानं फिरवायचा. हात पोचत नसेल तर पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या शेपटीला अडकवून त्यानं फिरव. आटे तिरके धरले तर नळी घसरते, पाना घसरत नाही, आणि म्हणूनच पहिल्यांदा पाना नको. शेवटी टॉर्क रेंच, 30 न्यूटन-मीटर. रेंच नसेल तर शेजाऱ्याकडून आण. त्याच्याकडेही नसेल तर नवा वॉशरवाला प्लग हातानं टेकल्यानंतर अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत थांब. आट्यांना ते चंदेरी अँटी-सीझ फासू नकोस. नव्या प्लगवर मुलामा असतोच, आणि वंगणामुळे त्याच रेंचवर प्लग प्रत्यक्षात जास्त कसला जातो.

पावसाळ्याची एक गोष्ट या गाडीची खास आहे. तिच्या कॉइल इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, खाली, चाकांजवळ आणि एक्झॉस्टच्या शेजारी बसलेल्या आहेत. एकीकडून एक्झॉस्टची धग, दुसरीकडून चाकानं उडवलेलं, दादरच्या हिंदमाताला तुंबणारं पाणी. कॉइलचं प्लास्टिक तडकतं, पाणी शिरतं आणि गाडी मिस मारते. लोक नव्या प्लगांना शिव्या देतात. प्लग काढलेस की प्रत्येक कॉइल उजेडात धरून तडे बघ. शंका असेल तर 4 नंबरची कॉइल 5 नंबरला लाव. स्कॅनरवर पी0304 होता तो पी0305 झाला, तर दुखणं कॉइलचं. न हलला तर प्लग किंवा आणखी काही.

काढलेले प्लग हे इंजिनानं लिहून दिलेलं पत्र आहे असं आमचे वस्ताद म्हणायचे. मला एवढी कविता जमत नाही, पण वाचता येतं. नाक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडं काळं काजळ म्हणजे पेट्रोल जास्त, किंवा प्लग थंड, किंवा नुसताच ट्रॅफिक. ओलं, तेलकट काळं म्हणजे इंजिन तेल पितंय. नाक पांढरं फटक आणि फोड आल्यासारखं असेल तर गाडी चालवायचीच बंद कर आणि मला फोन कर. पांढऱ्या नाकावर मिरपुडीसारखे चमकणारे ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. इंजिन ठोकत होतं. विटकरी थर दिसला तर घाबरू नकोस, पेट्रोलमध्ये ओतायच्या कुठल्यातरी बाटलीतल्या लोखंडाच्या रसायनाचा तो रंग असतो. ती बाटली घेणं बंद कर. आणि बाहेरच्या पांढऱ्या सिरॅमिकवर, धातूच्या कडेला लागून, तपकिरी कडं दिसेल. त्याला बरेच मेकॅनिक 'प्लग लीक झालाय' म्हणतात. ते विजेच्या दाबानं हवेतल्या तेलाच्या कणांचं चिकटणं आहे, प्लग चांगला असतो.

वाचायचे प्लग ट्रॅफिकमधून आल्यावर काढायचे नाहीत, तेव्हा सगळेच काळवंडलेले दिसतात. पहाटे लोणावळ्याची एक चक्कर मार, गाडी तिथेच बंद कर, थंड होऊ दे.

तर तुझ्या गाडीला कंपनीच्या पुस्तकातला नंबर, त्याच पायरीचा, बिलासकट, सहा नग. उरलेल्या पैशांचा टॉर्क रेंच घे. जुने सहा प्लग फेकू नकोस. सिलिंडरचे नंबर घालून डबीत ठेव आणि गणपतीला येशील तेव्हा घेऊन ये.